बारा फांद्यांचं झुंबर

माझ्या धाकट्या जावेच्या दिवाणखान्यात इटालियन झुंबर लागलं त्या दिवशी मी तिथे तोंडभर कौतुक केलं, आणि घरी येऊन भांडी अशी आदळली की नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "दिवा तिच्याकडे लागलाय," तो म्हणाला, "तू कशाला जळतेस?"

"जळतेय तर जळतेय! तुझं काय जातं?"

खोटं कशाला बोलू? मत्सरच होता तो. आम्ही दोघी जावा आयर्लंडमधल्या कॉर्कमध्येच राहतो, गाडीने पंधरा मिनिटांवर. मी आधी आलेली. तिला विमानतळावरून मीच आणलं. डाळी कुठे मिळतात, बस कुठली धरायची, कपाटाला इथे 'प्रेस' म्हणतात, सगळं मी शिकवलं. आणि बाईसाहेबांनी काय केलं, तर टेकडीवर उंच छताचं जुनं घर घेतलं. आमच्या घरात नवऱ्याने आळस दिला तरी त्याचे हात छताला टेकतात. तिथे झुंबर लावलं असतं तर खालून रांगत जावं लागलं असतं.

झुंबर देखणं होतं, हे म्हणायलाही मला त्रास होतो. कुठल्याशा जुन्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं, त्यात तिला ते मिळालं. साठ-सत्तर वर्षांपूर्वी व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर फुंकून केलेलं. पीळ दिलेल्या बारा काचेच्या फांद्या, मधूनमधून फुलं आणि पानं, आणि काचेच्या आत सोन्याची बारीक बारीक कणी. इथवर माझ्या नुसतं पोटात दुखत होतं. पण सासूबाई साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्या, त्याच्याखाली खुर्ची टाकून बसल्या आणि म्हणाल्या, "आवंदा लक्ष्मीपूजन हितंच करू. लक्ष्मी कशी झळकंल बघ ह्या उजेडात!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेली अकरा वर्षं लक्ष्मीपूजन माझ्याकडे. थोरल्या सुनेचा मान तो. गावातली निम्मी मराठी मंडळी त्या संध्याकाळी माझ्या दारात चपला काढतात. मी नोकरी करते, घर बघते, आणखी कशात माझं नाव नाही. तेवढी एक संध्याकाळ माझी होती. ती एका दिव्यापायी जाणार! "हो आई, छानच होईल," मी म्हटलं.

मग मला वेडच लागलं. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये डबा उघडायचा आणि फोनवर मुरानोच्या कारागिरांचे व्हिडिओ बघत बसायचं. त्या झुंबरात काहीतरी खोट सापडावी, एवढीच इच्छा. खोट सापडली नाही. उलट मीच बघत राहिले. एक म्हातारा उस्ताद बाकावर बसून लोखंडी नळी अखंड फिरवतोय, कारण हात थांबला की काच एका बाजूला लोंबते. लाल गोळा सोन्याच्या वर्खावरून लोळवला की वर्ख फाटून त्याची कणी होते. पाकळी चिमट्याने ओढायची, तीही काच थिजायच्या आत. माप नाही, साचा नाही, त्यामुळे बारा फांद्या बारा तऱ्हेच्या. जिची तिची जागा ठरलेली. आणि एवढं करून कुठे नाव नाही कोरलेलं. पोळी थंड व्हायची, मला भान नसायचं. जावेनं त्यातलं काहीच बघितलं नव्हतं. तिचं आपलं, "मस्त आहे ना, ताई?"

त्याच व्हिडिओंमध्ये एकदा दुरुस्ती करणारा एक कारागीर सांगत होता, की फांदीचं टोक धातूच्या वाटीत प्लास्टरने बसवलेलं असतं. ओल्या फडक्याने पुसा, पण पाण्यात कधी बुडवू नका.

दिवाळीच्या आदल्या शनिवारी मी तिच्याकडे चकल्या करायला गेले. आपल्याकडे दिवाळीचं घर म्हणजे पंख्याच्या पात्यापासून सगळं धुऊन निघायला हवं. तिने सकाळीच शिडी लावून बाराही फांद्या काढल्या होत्या. वर बाथटबमध्ये गरम पाणी, त्यात सोड्याची मूठ. मी औषधांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. कुठलं यंत्र कशाने धुवायचं, किती वेळ, हे लिहून सही करणं हेच माझं काम. म्हणून तिने मलाच विचारलं, "ताई, भिजवून ठेवू ना? धूळ सुटेल."

मी म्हटलं, "हं."

एवढंच. तीन तास आम्ही खाली चकल्या तळल्या. ती काही विचारायची, मी उत्तर द्यायचे, आणि दर घाण्याला वाटायचं, आता सांगावं. चकल्या अप्रतिम झाल्या होत्या.

दुपारी तिची किंकाळी ऐकू आली. वर गेले तर तिच्या हातात रिकामी पितळी वाटी, आणि फांदी टबात पडून दोन तुकडे झालेली. बाकीच्याही एकेक करून सुटल्या. पाणी पांढरं, गढूळ. ती फरशीवर बसून हुंदके देत होती आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. तो हात तेव्हा झडला कसा नाही!

सोमवारी झुंबरं दुरुस्त करणारा माणूस आला. वाट्या बघून म्हणाला, प्लास्टरवर फांद्यांचे नंबर असतात, ते धुऊन गेलेत. आता कुठली कुठे, हे लावून बघत बसायचं, वसंतापर्यंत आशा धरू नका. जाताना त्याने विचारलं, "पाण्यात घालायला सांगितलं कोणी?"

सासूबाईही तिथेच होत्या. जाऊ पटकन म्हणाली, "कोणी नाही. माझंच डोकं." मग माझ्याकडे वळून हळूच, "तुम्हाला तरी काय माहीत असणार, ताई? उगाच आई तुम्हाला बोलल्या असत्या."

लक्ष्मीपूजन माझ्याकडे झालं. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होत्या, "थोरलीला सगळं निगुतीनं जमतं." शब्दन् शब्द मला हवा होता तोच होता. आरती झाली, प्रसाद झाला, आणि जाऊ दर वर्षीसारखी थोरामोठ्यांच्या पाया पडत पडत माझ्यापर्यंत आली. वाकली. तिच्या डोक्यावर हात ठेवून मी 'सुखी राहा' म्हणायचं, एवढाच रिवाज.

मीही खाली वाकले आणि तिच्या कानाशी म्हटलं, "मला माहीत होतं. पाण्यात घालायचं नसतं, हे माहीत होतं मला."

ती सरळ उभी राहिली, माझ्या पायांना लागलेली बोटं तिने पदराला पुसली, आणि माझ्याकडे न बघता सासूबाईंना म्हणाली, "आई, ताटं वाढायला घेऊ ना?"