दयेच्या अर्जावर माझी सही

माझ्या नवऱ्याचा खून करणाऱ्या माणसाची फाशी रद्द व्हावी म्हणून जो अर्ज गेला, त्यावर माझी सही आहे. आमच्या भागात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे आणि तिच्या जोरावर मी आजवर पुष्कळ फुकटचा मान मिळवला. शाळेच्या कार्यक्रमात ओळख करून देताना कुणीतरी हटकून ते सांगतं, पाहुणे हात जोडतात, मी मान खाली घालते. लोकांना वाटतं, बाई किती विनयशील! सही का केली, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आता सांगायला हरकत नाही, कारण ऐकून ज्यांना वाईट वाटलं असतं ती माणसं आता राहिली नाहीत.

हे घडलं तेव्हा महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. माझं माहेर साखरखेर्ड्याचं, शिक्षण चौथी पास. लग्न होऊन मी दुसरबीडपासून पायी तासाभरावरच्या गावात आले. शेजारच्या घराशी आमची विहीर सामाईक होती. दोन्ही घरच्या आजोबांनी मिळून खणलेली, म्हणून चार दिवस त्यांची मोट आणि चार दिवस आमची, अशी पाळी ठरलेली होती. शेजारी माझ्या नवऱ्यापेक्षा थोडा मोठा. त्याच्या बायकोला मी जाऊबाई म्हणायची. नात्यागोत्याचं काही नव्हतं, गावात म्हणतात तसं.

तिचा हेवा मला पहिल्या महिन्यापासून वाटत होता. रूपाने ती माझ्यापेक्षा उजवी नव्हती, उलट थोडी डावीच. पण तिचा नवरा विहिरीवरून येताना तिच्या डोक्यावरची घागर काढून आपल्या खांद्यावर घ्यायचा. वेशीजवळ आलं की परत तिच्या डोक्यावर द्यायचा, लोकांनी पाहू नये म्हणून. सगळं गाव पाहत होतं. माझा नवरा माणूस वाईट नव्हता, कष्टाळू होता, पण चालायचा माझ्या दहा पावलं पुढे. मी काटा मोडून बसले तरी त्याला पुढच्या वळणावर कळायचं.

त्या वर्षी उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खोल गेलं. आमच्या कांद्याने माना टाकल्या आणि तिचा कांदा मात्र तरारलेला. त्यांनी वाफे लहान केले होते आणि भल्या पहाटे पाणी देत होते, एवढंच त्यातलं गुपित. मला ते कळत होतं. तरी जेवायला वाढताना मी नवऱ्याला म्हटलं, "त्याह्यच्या कांद्याले पाणी पुरते अन् आपल्याच काऊन नाही पुरत? तुमच्यात दम नाही म्हणून!" तो अर्ध्या भाकरीवरून उठला आणि त्यांच्या पाळीच्या दिवशी आपले बैल मोटेला जुंपले. एक दिवस नाही, चारही दिवस. शेजारी विचारायला आला तर माझ्या नवऱ्याने चार माणसांत त्याला पायताणाने मारलं. त्या मारानंतर तिसऱ्या दिवशी शेजारी कुऱ्हाड घेऊन सकाळपासून विहिरीजवळच्या कडब्याच्या गंजीआड बसून राहिला. माझा नवरा बैल घेऊन विहिरीवर गेला तो परत आलाच नाही. शेजारी तिथूनच चालत पोलिसांकडे गेला.

बुलढाण्याला खटला उभा राहिला. दबा धरून बसला होता, म्हणून फाशीची शिक्षा झाली. नागपूरला अपील केलं, तेही फेटाळलं. माझी साक्ष झाली तेव्हा पाळी मोडायला नवऱ्याला कुणी सांगितलं, हे मला कुणीच विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

पहिलं वर्षभर गावाची सगळी दया माझी होती. दुपारी बायका आमच्या ओसरीवर येऊन बसायच्या, निवडायला आणलेल्या दाळी माझ्याच सुपात पडायच्या. अपील फेटाळल्याची बातमी आली आणि त्याच आठवड्यात सगळ्या बायका भिंतीपलीकडे गेल्या. माझं दुःख शिळं झालं होतं. माझ्या कपाळाकडे पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं, तिच्या कपाळावर कुंकू होतं आणि ते किती दिवसांचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. ते पाहून बायकांना रडू आवरत नसे. मला राग यायचा. माणूस मेला माझा आणि बायका गळ्यात पडायच्या तिच्या!

महिन्या-दोन महिन्यांनी ती नागपूरला तुरुंगात भेटीला जायची. जाताना ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसायची, केसांना तेल लावायची, तिळाच्या पोळ्या बांधून घ्यायची. पोळ्या आत घेत नाहीत हे माहीत असूनही बांधायची. मी दारात उभी राहून पाहत असे. नवरा फासावर चढणार होता आणि मला तिचा हेवा वाटत होता, कारण तिला नटून कुणाकडे तरी जायचं होतं.

आमच्याकडे पितृपक्षात पितर जेवू घालतात. गेलेल्या माणसाच्या नावाने दुसऱ्या घरचा कुणी पुरुष बोलावायचा, त्याला पाटावर बसवायचं, गेलेलाच आला आहे असं समजून पाय धुवायचे आणि खीर-वड्यांचं जेवण वाढायचं. एकदा ज्याला पितर धरलं त्यालाच दरवर्षी बोलावतात. माझ्या सासऱ्यांचा पितर म्हणून सहा वर्षं हाच शेजारी बसत होता. मी स्वतः त्याच्या पायावर पाणी घातलं आहे. तो पकडला गेला त्या वर्षी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सासऱ्यांसाठी दुसरा माणूस बसवू दिला नाही. पाट रिकामा मांडला, पान वाढलं आणि गायीला घातलं. पुढच्या वर्षी माझ्या नवऱ्याच्या नावाचं पहिलं पान वाढलं तेव्हाही तो रिकामा पाट शेजारी होताच. माझ्या नवऱ्याच्या पानावर दुसरबीडचे एक लांबचे पाहुणे वडे चावत बसले होते आणि आत्याबाई सारख्या त्या मोकळ्या पाटाकडे पाहत होत्या. त्या दिवशी मी वाढता वाढता भांडी आपटली.

त्यानंतर महिन्याभरात मेहकरच्या अर्जनविसाने दयेचा अर्ज लिहून दिला. जाऊबाई तो घेऊन घरोघर फिरली. निम्म्या गावाने अंगठे दिले. वकिलाने मात्र तिला सांगितलं होतं, गावाचे अंगठे एकीकडे आणि मेलेल्याच्या बायकोची सही एकीकडे. सरकार आधी तीच पाहील.

ही बातमी माझ्या वडिलांपर्यंत पोचली आणि ते साखरखेर्ड्याहून आले. अंगणातच उभे राहून म्हणाले, "तू सही केली, तं माह्या जवायाच्या जिवाची काय किंमत राह्यली? न्यायाधीशानं दिलेली शिक्षा हाय. तू कोन मोडनारी?" त्यांचं म्हणणं मला पटलं. आजही मी ते खोटं म्हणत नाही.

आत्याबाई चुलीपुढे बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत, पण तिथूनच आपल्या व्याह्यांना म्हणाल्या, "इवाई, माह्या लेकाले मारलं त्यानं. त्याचं वाटोळं व्हावं असं रोज येते मनात. पन सहा वर्सं म्या त्याचे पाय धुतले, ह्याह्यचे समजून. आता त्याच पायाखालची फळी काढा, असं म्या कोन्या तोंडानं म्हनू?" वडील पाणी न पिता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊबाई आली. दीड वर्षात पहिल्यांदा आमच्या उंबऱ्याशी बसली. अर्जाचा कागद पिशवीतच ठेवला आणि एक पोस्टकार्ड पुढे केलं. "मास्तर गावाले गेले. कालपासून आलं हाय. वाचून देतं का?"

तिला अक्षर येत नव्हतं. मी माझ्या नवऱ्याच्या खुन्याचं पत्र त्याच्या बायकोला वाचून दाखवू लागले. कुणा बरोबरच्या कैद्याकडून लिहून घेतलेलं असावं, अक्षर वळणदार होतं. म्हैस व्याली का, गोठ्याचं छप्पर शाकारलं का, हे सगळं होतं. शेवटी लिहिलं होतं, तुझी दाढ दुखत होती ती बुलढाण्याला जाऊन काढून घे. लवंग धरून किती दिवस काढशील? माझ्यापाठी तुला कोणी पुन्हा पुन्हा सांगणार नाही, म्हणून मी आहे तोवर काढून घे.

मी थांबले. ती गालाला हात लावून बसली होती. मला तिची दया यायला हवी होती. आला तो संताप. फासाची वाट पाहणारा माणूस तिच्या दाढेची काळजी करत होता. माझा नवरा माझ्याबरोबर तीन वर्षं एका घरात राहिला, माझं काय दुखतं हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. आणि आता तर कधीच विचारणार नव्हता.

मग तिने अर्ज काढला. अर्जनविसाने लिहिलं होतं की हातून घडलं ते पाण्याच्या पाळीवरून रागाच्या भरात, अचानक. मी म्हटलं, "हे खोटं हाय. तो सकाळपासून बसला होता." ती म्हणाली, "हाव." एवढंच. वाद घातला असता तर मला बरं पडलं असतं. अचानक नव्हतं हे मला ठाऊक होतं. ते कुणाच्या जिभेवरून सुरू झालं, हेही ठाऊक होतं, आणि अर्जात त्याचा कुठे उल्लेख नव्हता. मी कागद परत तिच्याकडे सरकवला. माझ्याच्याने होणार नाही, असं म्हटलं. मनात मी ठरवून टाकलं होतं. फाशी होऊ दे. तिलाही कळू दे.

ती उठायला लागली. तेवढ्यात आत्याबाई बाहेर आल्या आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "जे व्हायचं ते होईन. पन तुही दैना नाही होऊ देत म्या. तुहं कुंकू गेलं, तं याच घरात ये. दोघी बहिनी-बहिनी राहान, एका चुलीवर खासान. मले दोन लेकी झाल्या म्हनीन."

आत्याबाईंनी ते मनापासून म्हटलं. मला सगळं लख्ख दिसलं. ती आमच्या चुलीपाशी बसलेली. आत्याबाईंच्या पायाला तेल चोळणारे चार हात, आणि आत्याबाई तिच्या हाताला जास्त चांगलं म्हणतात. ओसरीवर बायका आम्हा दोघींना मोजतात, हिचा कसा एका घावात गेला, आणि तिचा बिचारीचा कसा तारीख लावून नेला. या बाबतीतही ती माझ्या वरचढ ठरली असती. अख्ख्या गावात नवरा मारला गेलेली मी एकटी होते. माझ्याकडे तेवढंच एक उरलं होतं आणि त्यात मला वाटेकरीण नको होती.

"द्या इकडं," मी म्हटलं. अर्जनविसाने दिलेला टाक तिच्या पिशवीत होता. मी माझं पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट, सुवाच्य अक्षरात. ती माझ्या पायांवर पडली. मी पाय मागे घेतले, तेही लोकांना विनय वाटलं.

काही महिन्यांनी फाशीची जन्मठेप झाल्याचं कळलं. गावात माझं नाव झालं. आत्याबाईंनी त्याच भरात मला पुढे शिकायला बसवलं, मी सातवीची परीक्षा दिली, मास्तरीण झाले. पुढे त्या वारल्या. मी त्याच घरात एकटी राहू लागले. जाऊबाईची अन् माझी बोलाचाली नव्हती असं नाही, सणावाराला ती वाटी पाठवायची. पण गावात आता आम्ही दोघीही एकट्याच होतो आणि मला त्याचं बरं वाटायचं. तेही लिहून टाकते.

बारा-तेरा वर्षांनी तो सुटून आला. केस पांढरे, खांदे उतरलेले. एकदा माझ्या अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला आणि थोड्या वेळाने निघून गेला. मी त्याला बोलावलं नाही. त्या दिवशी मला काहीच वाटलं नाही. राग नाही, दया नाही. मला वाटलं, चला, आपण सुटलो.

त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी मी जेवायला बसले होते. भिंतीपलीकडून तिचा आवाज आला.

"पानी काढून घंटा झाला! थंड पान्यानं न्हासान अन् मंग रातभर खोकत बसान. माह्या डोक्याले ताप!"

"आलो ना वं. काऊन ओरडून राह्यली?"

"ओरडू नाही तं काय करू? किती खेपा सांगू?"

ती चांगलीच वैतागली होती. कुणी ऐकत असेल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. मी घास हातात धरून ऐकत राहिले. तो काहीतरी पुटपुटला, ती पुन्हा खेकसली, बादली आपटल्याचा आवाज झाला. वैशाखाचे दिवस होते आणि घरात वारा नव्हता. मी उठले आणि दार लावून घेतलं.