डीपी जळाली आणि कोंबड्या बसल्या

आमच्या वस्तीची डीपी, म्हणजे लाईटचा ट्रान्सफॉर्मर, जळाली ती ऐन थंडीत, ज्वारी हुरड्याला आलेली असताना. लाईट आली रे आली की सगळ्यांनी एकदम मोटारी चालू केल्या. खांबावर धाडकन आवाज झाला, धूर निघाला आणि खेळ खलास. लाईट जाण्याचं आम्हाला काय नवल! पण त्या सकाळी मी आधी घरात धावले, कारण आमच्या सोप्यात अंडी उबवायचं मशीन होतं आणि त्यात साठ गावरान अंडी होती.

आमचं बिऱ्हाड कुठं राहणार, ते त्या अंड्यांवर ठरणार होतं. मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पुण्यात एका सोसायटीत वॉचमनची नोकरी मिळत होती, राहायला जिन्याखालची खोली. मला जायचं नव्हतं. गावरान पिल्लं काढून माढ्याच्या बाजारात विकीन, असा माझा हट्ट. शेवटी आमच्यात ठरलं, की पिल्लं निघाली तर इथंच राहायचं, नाही निघाली तर संक्रांत झाली की पुणं. पिल्लू निघायला एकवीस दिवस लागतात, त्यातले निम्म्याच्या वर सरले होते. मोबाईलची बॅटरी मागं धरली की आत लाल शिरा दिसायच्या, आणि मला वेड्यासारखं हसू यायचं.

मालक चौकशी करून आले. "नवी डीपी यायला आठवडा तरी लागंल म्हणत्यात." आणि मशीनकडं बघत हळूच म्हणाले, "मग जायाचंच की आता."

माझं डोकंच फिरलं. "अंडी अजून गार पडली न्हाईत, आन् तुमी मोकळं झालासा व्हय!"

आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चुलीवर पाण्याचं पातेलं चढवलं. गरम पाण्याच्या बाटल्या अंड्यांच्या कडेनं ठेवल्या, वरून घोंगडं टाकलं. पण एक बाटली भरेपर्यंत दुसरी कोमट व्हायची. असं आठवडाभर कोण करणार? चुलीपुढं फुंकर घालता घालता मला सुचलं, अगं, हे काम तर कोंबडीचं!

आणि लगेच कपाळावर हात मारला. आमची कोंबडी परवाच खुडूक झाली होती. खुडूक झालेली कोंबडी अंडी घालायचं सोडते आणि उबवायच्या ओढीनं रिकाम्या खुराड्यातसुद्धा दिवसभर फुगून बसते. मग तिला पाण्यात बुचकळायचं, नाकात पीस घालायचं, म्हणजे तिचं खूळ जातं, ही आमच्याकडची रीत. घरात मशीन असताना हिचं नाटक कशाला, म्हणून मीच तिला हौदात बुचकळून काढलं होतं. आता बाई टुणटुणीत होऊन उकिरड्यावर हिंडत होत्या. असा राग आला तिचा! खरं तर माझाच आला होता.

मग निघाले दारोदार. "तुमच्यात कोंबडी खुडूक हाय का वो?" एकीनं तोंडाला पदर लावला. "मशीनवाल्या बाईला कोंबडी पायजे व्हय?" म्हटलं, हसा बाई हसा, पण कोंबडी द्या. हसत हसत दिली. बांधाच्या भांडणावरून वर्षभर आमच्याशी न बोलणाऱ्या घरासमोर मात्र माझे पाय अडखळले. तिथली बाई आपणहूनच बाहेर आली. काखेत कोंबडी. "बांध माझा आन् तुझा. हिचं काय भांडण हाय?" एवढं बोलून कोंबडी माझ्या हातात दिली आणि ती आत गेली. डोळे भरून आले.

दिवस मावळता मावळता पाच कोंबड्या सोप्यात पाच पाट्यांमध्ये, म्हणजे टोपल्यांमध्ये, अंड्यांवर बसवल्या, वरून बांबूची डालगी झाकली. अनोळखी जागी खुडूक कोंबडी बसेलच असं नाही. एक सारखी उठत होती. मालक तिच्यापाशी जाऊन बसले आणि तिला चुचकारायला लागले. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

सोपा कोंबड्यांना दिला, आम्ही सगळे चुलीपाशी झोपलो. पिठाची गिरणी बंद, म्हणून कधी जात्यावर भरडलेल्या हुलग्याचं पातळ माडगं, कधी रानातला हुरडा. टीव्ही नाही, मोबाईल मेलेला. मालक रोज एकेक कोंबडी उठवून दाणापाणी द्यायचे आणि अंडी गार पडायच्या आत परत बसवायचे. मी सांगितलं नव्हतं हो! आत्या मला कोपरानं ढोसायच्या, "बघ गं, ह्यो न्हाय जात पुण्याला." मी म्हणायचे, "नजर लावू नका."

आठवडा उलटला आणि नवी डीपी बसली. मोटारी सुरू झाल्या, सगळ्या वस्तीत आरडाओरडा. मी मशीनकडं बघितलं. मालक म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आता त्यास्नी उठवायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पाटीतून चिवचिव ऐकू आली. मग दुसरीतून. सगळी काही निघाली नाहीत. थोडी अंडी तशीच राहिली, ती बघून जीव हळहळला. पण निम्म्याच्या वर निघाली. ओली, लटपटती पिल्लं बघून मी खाली बसले आणि मोठ्यानं रडले. आत्या ओरडल्या, "आगं, पिल्लं भ्यात्याली!"

मोबाईल चार्ज झाला होता. तो वाजला. पुण्याचा फोन. मालक पाटीपुढं उकिडवे बसून पिल्लांना कण्या टाकत होते. त्यांनी फोन कानाला लावला.

"न्हाय जमायचं, साहेब," मालक म्हणाले. "घरात पाच बाळंतिणी हायत."

पलीकडून काय विचारलं कोण जाणे. हे म्हणाले, "व्हय, पाची बी सुखरूप हायत."