निम्म्या क्षमतेची शाळा

नियमांवर इतकं निरपेक्ष प्रेम करणारा माणूस मी लालबागमध्ये दुसरा पाहिलेला नाही, आणि लालबागबाहेर असा कोणी असलाच तर तो सरकारात नक्कीच नसणार. माझे हे शेजारी तेहेतीस वर्षं पालिकेत परवाना निरीक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी खुर्ची सोडली, पण मोजपट्टी सोडली नाही. भाजी आणायला निघाले तरी ती स्टीलची गुंडाळी शर्टाच्या खिशात असायची. नाक्यावरच्या फुलवाल्याची फळी फुटपाथवर किती पुढे आली आहे ते वाकून मोजायचे, "तीन इंच जास्त आहे," एवढंच सांगायचे आणि चालू लागायचे. फुलवाला फळी तीन इंच मागे घ्यायचा आणि साहेबांची पाठ वळली की पुन्हा पुढे ढकलायचा. साहेबांना ते ठाऊक होतं. पण नियम सांगणं आपलं काम आणि तो मोडणं फुलवाल्याचं, अशी त्यांनी मनाशी वाटणी करून टाकली होती. बायको गेल्यावर त्यांनी स्वयंपाकघरात आठवड्याचं वेळापत्रक चिकटवलं, आणि एका गुरुवारी कांदा आणायची वेळ टळून गेली म्हणून बिनकांद्याचे पोहे खाल्ले. समोरच्या खोलीतून मी दोन कांदे देऊ केले होते. "वेळ होऊन गेली," ते म्हणाले.

टाळेबंदी आली तेव्हा आमची अख्खी चाळ घाबरली. साहेब मात्र बहरले. रोज एक नवा आदेश निघायचा, आधीच्या आदेशात सुधारणा करणारा, आणि त्या सुधारणेचा खुलासा परवा. साहेब ते सगळे वाचायचे, त्यातली कलमं मोठ्या अक्षरात उतरवून काढायचे आणि जिन्यावर लावायचे. खोलीत एकटे असतानाही ते मास्क लावून बसत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "एकटा असल्यास लावू नये, असं आदेशात कुठे आहे?" दुसऱ्या लाटेनंतर निर्बंध सैल होऊ लागले. आधी दारू घरपोच मिळू लागली, मग बार उघडले, व्यायामशाळा उघडल्या, मॉल उघडले. शाळेची तारीख मात्र मंत्रिमहोदय गंभीर चेहऱ्याने जाहीर करायचे आणि दोन दिवसांनी तितक्याच गंभीर चेहऱ्याने मागे घ्यायचे. त्याच सुमारास आमच्या गल्लीत एका पुढाऱ्याच्या हस्ते नूतनीकरण केलेल्या शौचालयाचं उद्घाटन झालं. ढोल होते, हार होते, शे-दोनशे माणसं होती आणि मुलांच्या भवितव्यावर भाषण होतं. शेजारच्या शाळेच्या फाटकाला कुलूप होतं, आणि गर्दीत नीट दिसावं म्हणून दोन कार्यकर्ते त्याच फाटकावर चढले होते.

साहेबांचा नियमांशी संसार तोवर सुरळीत चालला होता. त्यात पहिली खोट आली ती जिन्यावरच. 'कठड्यास स्पर्श करू नये' ही त्यांची सूचना जिथे लावली होती, नेमक्या तिथेच कठड्यावर बसून तळमजल्यावरची आरोही पाय हलवत होती. तिची आई सुजाता परळच्या एका इस्पितळात आया होती. नवरा आधीच वारलेला. घरात फोन एकच, आणि तो सुजाताबरोबर ड्युटीवर जायचा. त्यामुळे फोनवर भरणारी शाळा आरोहीने फक्त रविवारी पाहिली होती, आणि रविवारी शाळा नसते.

"वर काय लिहिलंय?" साहेबांनी दरडावून विचारलं.

"काय लिहिलंय?" आरोहीने त्यांनाच विचारलं.

"वाच की."

"येत नाही."

"कितवीत आहेस?"

"तिसरीत. शाळा बंद झाली तेव्हा पहिलीत होते. मग आपोआप तिसरीत गेले."

साहेब वर आले आणि गॅलरीत माझ्याजवळ उभे राहिले. "आपोआप गेली म्हणते," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळा उघडावी म्हणून पालिकेत अर्ज दिला, चौथ्या दिवशी स्मरणपत्र दिलं, आठव्या दिवशी स्वतः गेले. ज्या खिडकीच्या आतल्या बाजूला त्यांची हयात गेली, तिच्या बाहेर दोन तास उभं राहून परत आले, तेव्हा हातात फक्त पोचपावती होती.

सुजाताने तोवर निर्णय घेतला होता. पंधरा तारखेला ती आरोहीला संगमेश्वरला आपल्या आईकडे सोडून येणार होती. गावी गेलेली पोर शाळेकडे वळत नाही हे तिला पक्कं माहीत होतं. तिची धाकटी बहीण अशीच आईच्या मदतीला म्हणून राहिली आणि सातवीत शाळेला मुकली.

"मग कशाला नेतेस?" साहेबांनी विचारलं.

"इथे ठेवून काय करू? दिवसभर जिन्यात बसते. बार उघडलेत, तिथे जाऊन पाढे म्हणू दे का तिला?"

"ती वाचायला लागली तर?"

"लागली तर कोण नेतंय, काका? पण शिकवणार कोण, तुमचा आदेश?"

सुजाताचा हा टोमणा साहेबांनी सूचना म्हणून घेतला. त्या दुपारी त्यांनी ताजा आदेश समोर घेतला आणि उघड्या असलेल्या गोष्टींची यादी बोटाने वाचत खाली आणली. केशकर्तनालयापाशी बोट थांबलं. मोजपट्टी घेऊन ते चाळीखालच्या विलासच्या सलूनमध्ये शिरले. मी मागोमाग गेलो. विलास त्यांना पाहून उभाच राहिला.

"साहेब, दोन नोटिसा दिल्यात मला आजवर. एक पंख्याची, एक टॉवेलची."

"दोन्ही बरोबर होत्या."

"ते आहेच."

"सहा खुर्च्या आहेत. निम्मी क्षमता म्हणजे तीन. दुपारी दोन ते चार तुझ्याकडे चिटपाखरू नसतं. मला तीन खुर्च्या दे."

"कापायचे कोणाचे?"

"कोणाचेच नाही. शिकवायचं आहे."

विलासने फडक्याने एक खुर्ची झटकली. मग म्हणाला, "एक खुर्ची माझ्या नातीला." दुसरी आरोहीची. तिसरी माझ्या मुलाला मिळाली, आणि तीही शेजारधर्म म्हणून नव्हे, मी लेखी अर्ज केला म्हणून.

अशा रीतीने आमच्या मुलांचं प्राथमिक शिक्षण सुरू झालं. गळ्याला पांढरं कापड, तोंडाला मास्क, कापडाखाली पुस्तक. फळ्याच्या जागी आरसा. साहेब दाढीच्या साबणाच्या वडीने आरशावर अक्षरं काढायचे आणि मुलं आरशात आपापल्या कपाळावर उमटलेलं अक्षर मोठ्याने म्हणायची. मी बाकावर वर्तमानपत्र धरून पहारा द्यायचो. पालिकेचं पथक गल्लीत दिसलं की मी खाकरायचो, विलास आरसे पुसायचा आणि मुलांच्या डोक्यावर हवेत कात्री चालवायचा. ती नेहमी हवेतच चालायची असं नाही. दहा दिवसांत माझ्या मुलाचे केस इतके कमी झाले की त्याची आजी त्याला डॉक्टरला दाखवा म्हणू लागली. हे सगळं साहेब करत होते, पण सुखाने नाही. शिकवण्याही बंद ठेवाव्यात, असं कलम आदेशात होतंच. ते वाचलेला आमच्यात त्यांच्याइतका दुसरा कोणी नव्हता. दोन वाजता खाली उतरताना त्यांचा हात कठड्यावर घट्ट असायचा. आरोही मात्र जोडाक्षरांपर्यंत आली होती.

पंधरा तारखेला नऊ दिवस उरले असताना पथक मागच्या गल्लीने आलं. मी खाकरेपर्यंत अधिकारी दारात होता. विलासने दोन आरसे पुसले, तिसरा राहिला. आरोहीच्या समोर मोठ्या अक्षरात 'आई कामावर गेली' असं लिहिलेलं होतं, आणि साबणाची वडी साहेबांच्या हातात होती. विलासची कात्री थांबली. मुलांना काही सांगावं लागलं नाही, ती आपोआप गप्प झाली.

अधिकारी साहेबांच्याच हाताखाली शिकलेला निघाला. त्याने आरसा वाचला, साबण पाहिला, मग साहेबांच्या डोक्याकडे पाहिलं, जिथे कापण्यासारखं काही नव्हतं.

"सर, केस कापायला आलात ना?" तो म्हणाला. त्याला 'हो' हवं होतं. त्याचं पेनसुद्धा खिशातच होतं.

"नाही," साहेब म्हणाले. "मी इथे मुलांना वाचायला शिकवतो. रोज दोन ते चार."

"सर, मी काही पाहिलेलं नाही."

"पाहिलं आहेस. दारात उभा राहून सगळं बघायचं, हे मीच तुला शिकवलं. खोटी नोंद करू नकोस."

सलूनला सात दिवसांचं सील लागलं. विलासने मुलांच्या गळ्यातली कापडं सोडली, झटकली, नीट घडी केली आणि आमच्यापैकी कोणाकडेही न बघता म्हणाला, "तो सोडत होता हो." संध्याकाळी सुजाता ड्युटीवरून आली. तिला सगळं आरोहीनेच सांगितलं असणार. ती वर आली नाही, जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून बोलली. आवाजही चढवला नाही.

"काका, माझ्या पोरीसाठी एक शब्द खोटा बोलवला नाही तुम्हाला?"

त्या संध्याकाळी साहेबांच्या खोलीत दिवा लागला नाही, आणि वेळापत्रकात भात असूनही कुकरची शिट्टी ऐकू आली नाही.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता दार उघडल्याचा आवाज आला म्हणून मी बाहेर पाहिलं. साहेबांनी गॅलरीत, सगळ्या चाळीला दिसेल अशा जागी, चटई घातली होती. ते खाली गेले आणि तिन्ही मुलांना घेऊन आले. विलासच्या नातीलासुद्धा. तिला कोणी अडवलं नव्हतं. भिंतीवर खडूने लिहून त्यांनी शिकवायला सुरुवात केली. समोरच्या गॅलरीतली माणसं बाहेर येऊन बघू लागली. पाऊण तासाने चाळीचे सेक्रेटरी आले. आजवर साहेबांच्या सूचना मुकाट पाळण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना ही संधी सोडवत नव्हती.

"साहेब, हे कोणत्या नियमाखाली चाललंय?"

"कोणत्याच नाही," साहेब म्हणाले, आणि मुलांकडे वळले. "पुढची ओळ."

सेक्रेटरी चपला काढून चटईच्या कडेने, जपून, आपल्या खोलीकडे निघून गेले. तक्रार कोणी केली नाही. आठव्या दिवशी विलासने शटर वर केलं आणि खालूनच हाक मारली, "पोरांना पाठवा, साहेब. तुम्ही नका येऊ. कोणी आलं तर मी बोलेन." साहेबांनी मुलं पाठवली नाहीत, पण विलासने बोलावलं म्हणून त्या दिवशी त्यांच्या खोलीतून बऱ्याच दिवसांनी फोडणीचा वास आला. चौदा तारखेला सुजाता दुपारीच घरी आली. वर येता येता जिन्याच्या वळणावर थांबली, कारण वर आरोही वाचत होती. अडखळत, बोट ठेवून, पण पान संपेपर्यंत ती थांबली नाही. सुजाता तशीच खाली उतरली. पंधरा तारीख आली आणि गेली.

शाळा पुढे उघडल्या, पुन्हा बंद झाल्या, पुन्हा उघडल्या. आता आरोही मोठ्या वर्गात आहे. दुपारी घरी येते, दप्तर टाकते आणि मैत्रिणींकडे पळते. साहेब पुन्हा फुलवाल्याची फळी मोजतात. सुरुवातीला काही महिने दोन वाजले की गॅलरीत चटई पडलेली दिसायची, मग ती दिसेनाशी झाली. परवा सुजाता डब्यात तांदळाच्या पिठाची गोड बोरं घेऊन वर आली होती. मी गॅलरीतच होतो.

"काका," ती म्हणाली, "आरोही विचारत होती, आता मी काकांकडे जात नाही तर त्यांना वाईट वाटतं का?"

साहेबांनी डबा घेतला, झाकण उघडून आत पाहिलं, पुन्हा लावलं.

"छे," ते म्हणाले, "मला वेळ कुठे असतो."