हराम मतदानाचे उमेदवार

मतदान हराम आहे असं ज्याने आमच्या गल्लीला तीन वर्षं सांगितलं, तो एका शुक्रवारी नमाज संपताच माझ्या दारात मत मागायला उभा राहिला. डोक्यावर नवी टोपी, हातात छापील पत्रकांचा गठ्ठा, पत्रकावर स्वतःचा फोटो. फोटो काढणंही हराम, असं तो मधे सांगत होता. ते बहुधा निवडणुकीपुरतं स्थगित झालं असावं.

"आपा, ख्याल रखना," तो म्हणाला.

या पोराला मी सातवीत मराठी शिकवलं आहे. जुन्या नाशकातल्या एका शाळेत मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे गल्लीतल्या निम्म्या दाढ्या मला मिसरूड फुटायच्या आधीपासून ओळखीच्या आहेत. हा त्यातला हुशार. एक निबंध पाठ करून यायचा आणि विषय कुठलाही दिला तरी तोच लिहून मोकळा व्हायचा. पुढे त्याने मोबाईलचं दुकान टाकलं आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा मोबाईलवर धर्म शिकला. आमच्या इमामसाहेबांची अख्खी हयात किताबांत गेली. त्यांना दीन, म्हणजे धर्म, काय असतो ते हा शिकवायला लागला.

त्याची शिकवण सोपी होती. माणसांनी केलेला कायदा मानायचा नाही. मत देणं म्हणजे अल्लाच्या हुकमात वाटेकरी आणणं. झेंड्याला सलाम करायचा नाही. मुलींनी सातवीनंतर घरात बसावं. हे सगळं तो दुकानाच्या काउंटरमागे बसून सांगायचा, आणि त्याच्या डोक्याच्या बरोबर वर माणसांनीच केलेल्या कायद्याचा दुकान-परवाना चौकटीत टांगलेला असायचा. गटार तुंबली की नगरसेवकाला पहिला फोन याचा. मक्केला उमऱ्याच्या यात्रेला जायचं ठरलं तेव्हा पासपोर्टच्या रांगेत पहाटेपासून उभा होता म्हणे. तिथे अल्लाच्या हुकमात कोणी वाटेकरी झालं नाही.

गेल्या विधानसभेच्या मतदानाला हा आणि त्याचे चार साथीदार गल्लीच्या तोंडाशी उभे राहून लोकांना परत पाठवत होते. इमामसाहेब काठी टेकत आले, त्यांच्यामधून सरळ निघून गेले आणि रांगेत पहिले उभे राहिले. परतताना एवढंच म्हणाले, "ज्या मुल्कात राहतो त्याच्याशी करार केलाय. करार मोडणं कुठल्या किताबात लिहिलंय ते मला आणून दाखव." त्याने अजून आणून दाखवलेलं नाही. मी माझं शाई लावलेलं बोट त्याच्या नाकासमोर धरलं आणि पुढे गेले. माझा स्वभाव इमामसाहेबांसारखा शांत नाही.

मला या शाईचं अप्रूप आहे, ते लपवत नाही. नोकरीत असताना माझी निवडणुकीची ड्युटी एकदा सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर लागली होती. दुपारी एक बाई आली. दिंडोरीकडे द्राक्षाच्या मळ्यात कामाला गेलेली, मत द्यायला म्हणून जीपला लोंबकळत परत आली होती. मळ्यातल्या औषधाने तिची बोटं हिरवट झाली होती, शाई दिसेना. तिने बोट पदराला घासघासून पुसलं आणि पुन्हा पुढे केलं. शाई नीट उमटल्याशिवाय ती जागची हलली नाही. त्या बाईला हराम-हलाल सांगायला कोणी मोबाईलवाला गेला नव्हता, हे तिचं नशीब.

तर हा पोरगा माझ्याकडे जे मत मागत होता ते विधानसभेचं नव्हतं, आमच्या मशिदीच्या ट्रस्टचं होतं. आमच्याकडे दर पाच वर्षांनी ट्रस्टची निवडणूक होते. नियम आमच्या आजोबांच्या पिढीने लिहिले आहेत: घरटी एक मत, ते घरच्या कर्त्याचं. रविवारी दुपारच्या नमाजानंतर चिठ्ठ्या टाकायच्या, बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात. माझे मिस्टर एसटीत मेकॅनिक होते. ते गेल्यापासून घरची कर्ती मीच, म्हणून मत माझं.

या निवडणुकीचं मला एरवी काही वाटलं नसतं. जुनी कमिटी म्हणजे सात म्हातारे. चहा पितात, दर रमजानला मशिदीला रंग काढतात आणि बाकी वर्षभर मूग गिळून बसतात. मोबाईलवाला गल्लीभर विष कालवत होता तेव्हा हेच म्हणत होते, "बच्चे हैं, जोश है." पण ट्रस्टच्या हॉलवर एक खोली आहे, आणि माझा जीव त्या खोलीत आहे.

रिटायर झाल्यावर मी तिथे मुलींची अभ्यासिका सुरू केली. चार ते आठ. बंद पडलेल्या एका क्लासची बाकं, दोन पंखे, दोन मराठी पेपर, एक उर्दू. सोळा मुली येतात. त्यातली एक आमच्या शिंप्याची. घरात एक खोली, सात माणसं आणि दिवसभर शिलाईची दोन मशीनं. ती तलाठी भरतीचा अभ्यास करते आहे. तिच्या बापाने तिला साफ सांगितलं होतं, अभ्यासिका आहे तोवर अभ्यास कर, ती बंद झाली की तुझं लग्न. घरात अभ्यास होत नाही हे त्यालाही दिसत होतं, म्हणून त्याने अशी मुदत घातली.

आणि पत्रकावर पहिलंच आश्वासन छापलं होतं: हॉलवरची खोली दीनी कामासाठी मोकळी करण्यात येईल.

"मतदान तर हराम ना?" मी दारातच विचारलं.

"ही इलेक्शन वेगळी आहे, आपा. ही दीनची."

"मग चिठ्ठ्या कोण मोजणार आहे, फरिश्ते?"

तो हसला नाही. हे लोक हसत नाहीत, हसल्याने त्यांचा हुद्दा कमी होतो. माझं पाणी पिऊन तो पुढच्या घरी गेला.

मी कपाटातून ट्रस्टच्या नियमांची प्रत काढली. मिस्टर एकदा कमिटीत होते, तेव्हाची. आजोबांनी उर्दूत स्वच्छ लिहून ठेवलंय: घरचा कर्ता, मग तो मर्द असो की औरत. तरी आमच्याकडे रिवाज असा पडलेला की विधवा बाईने आपली चिठ्ठी घडी करून शेजारच्याच्या हाती पाठवायची. शेजारचा ती उघडून बघायचा की नाही हे कोणी विचारत नव्हतं. मीसुद्धा एकदा अशीच पाठवली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या मतदान केंद्रांवर गुप्त मतदानाचे पडदे लावले आणि स्वतःची चिठ्ठी शेजाऱ्याच्या खिशातून पाठवली. सगळी अक्कल मलाच आहे असं नाही.

गल्लीत बाईच्या नावावर माझं धरून अकरा घरं निघाली. मी बाकी दहाही घरी गेले. "आम्ही तिथे कधी गेलो नाही," प्रत्येकीने सांगितलं. "विधानसभेला जाता ना?" "ते सरकारी." एकीने विचारलं, मशिदीच्या आवारात लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोक काय म्हणतात ते तीन वर्षं ऐकतोच आहोत, आता एक चिठ्ठी टाकून बघू. जुन्या कमिटीकडेही गेले आणि निवडून आल्यास अभ्यासिकेला हात लावणार नाही, असं सातही जणांकडून लिहून घेतलं. सह्या करताना त्यांचे चेहरे ओव्हरटाइमला बसवल्यासारखे झाले होते.

त्याच आठवड्यात शाळेतल्या एका जुन्या सहकारी बाईंचा फोन आला. गंगापूर रोडला राहतात, नेहमी काळजी करतात. "तुमच्यातले शहाणे लोक बोलत का नाहीत हो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रविवारी या, आमच्याकडे शहाणे लोक निवडणूक लढवतायत, बघून जा. त्यांना नेमका त्या दिवशी कुठला तरी कार्यक्रम होता. शहाण्यांनी बोलावं अशी इच्छा असणारे फार. ऐकायला मात्र एकाला सवड नसते. शिवाय त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवरही मोबाईलवर धर्म शिकलेले पुष्कळ आहेत. त्यांच्यातल्या शहाण्यांचं काय, ते मी विचारलं नाही. पुन्हा फोन आला की विचारीन.

रविवारी दुपारी आम्ही निघालो तेव्हा अकरापैकी आठ जणी होतो. दोघी आजारी पडल्या, एकीला मुलाने येऊ दिलं नाही. आवारात शिरलो तसं बोलणं थांबलं. इमामसाहेबांनी डबा ठेवलेलं टेबल स्वतः सरकवून आमच्या बाजूला आणलं, आणि मग कोणाची काही म्हणायची छाती झाली नाही. मी चिठ्ठी टाकली. चिठ्ठी डब्याच्या तळाला पोहोचलेली मला ऐकू आली, की मला तसं वाटलं, कोण जाणे. डोळे भरून आले हे मात्र खरं.

मोबाईलवाला दारात उभा होता आणि त्याचं लक्ष आमच्याकडे नव्हतंच. तो आपली माणसं मोजत होता. माणसं आली होती, पण आत येत नव्हती. त्याचा सगळ्यात पक्का चेला, खिडक्यांच्या ग्रिलचं वेल्डिंग करणारा, फाटकाबाहेर हाताची घडी घालून उभा होता.

"चल, चिठ्ठी टाक," हा म्हणाला.

"भाई, मतदान हराम आहे."

"अरे, ती सरकारी. ही आपली."

वेल्डरने खिशातून मोबाईल काढला आणि याचंच जुनं भाषण लावलं. आवाज मोठा ठेवला होता. भाषणात हा घसा फोडून सांगत होता की चिठ्ठीचं मत असो की मशीनचं, मुल्कासाठी असो की मोहल्ल्यासाठी, सगळं हराम. तीन वर्षांपूर्वी जुन्या कमिटीला हिणवायला बोलला होता, तेच. "माझं ईमान तुम्हीच दुरुस्त केलंत," वेल्डर अगदी नम्रपणे म्हणाला. "आता बिघडवू नका." त्याच्यामागे आणखी तेरा जण तसेच उभे होते. हे चौदा जण त्याचे खरे शिष्य. पाठ केलेला निबंध त्यांनी अक्षरन् अक्षर पाठ ठेवला होता, फक्त लिहिणाराच विसरला होता.

मोबाईलवाल्याचं पॅनेल सहा मतांनी पडलं.

पंधरा दिवसांनी तो अभ्यासिकेचा जिना चढून आला. फेरनिवडणुकीसाठी त्याला सरकारी कचेरीत अर्ज करायचा होता. अर्ज मराठीत लागतो, आणि गल्लीतले मराठी अर्ज पंचवीस वर्षं माझ्याकडेच येतात, हा आमचा दुसरा रिवाज. चार ते आठ मी वर असते, त्यामुळे त्याला वरच यावं लागलं. जी खोली मोकळी करायची होती तिच्या बाकावर तो मांडी आखडून बसला. सोळा मुलींनी माना वर केल्या आणि परत खाली घातल्या.

अर्ज मी लिहून देणारच होते. त्याला कितीही तुच्छ लेखत असले तरी फेरनिवडणूक मागायचा त्याचा हक्क आहे, आणि तो त्याला मी नाकारला तर त्याच्यात नि माझ्यात फरक काय राहिला? पण चष्मा घरी राहिला होता. मी शिंप्याच्या मुलीला बोलावलं. तिने कोरा कागद घेतला, समास आखला, महोदय लिहिलं.

"सांगा."

तो सांगत गेला. निवडणूक लोकशाही पद्धतीने झाली नाही. त्याच्या समर्थकांना मताच्या हक्कापासून वंचित राहावं लागलं. "वंचित" हा शब्द मीच शिकवला होता, वापर बरोबर होता.

"कारण?" मुलीने विचारलं.

"लिही, मतदान हराम आहे असा गैरसमज पसरवण्यात आल्यामुळे."

तिने लिहिलं. मग पेन वर धरून, तलाठी कचेरीत खुर्चीवर बसल्यासारखं, जराही न हसता विचारलं, "कोणी पसरवला ते नाव लागेल. इथे लिहू?"

तो उठला आणि अर्ज तिथेच ठेवून जिना उतरला. मुलीने कागद उलटा केला, मागची बाजू कोरी होती, आणि त्यावर तिने सातबाऱ्याचा नमुना लिहायला घेतला. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.