कॅनबेराला ब्रीदवाक्य बघायला गेलो!

"ज्या देशात तू मला राहा म्हणतेस, त्याचं ब्रीदवाक्य काय?" बाबांनी चहा पिता पिता विचारलं आणि मी छातीठोकपणे सांगून टाकलं, "आहे की! लॅटिनमध्ये आहे. कॅनबेराला नेऊन दाखवते."

मला काडीची माहिती नव्हती. पण बाबा सांगलीचे निवृत्त संस्कृत शिक्षक, आई गेल्यापासून तिथे एकटेच. सहा आठवड्यांसाठी सिडनीच्या टूनगॅबी उपनगरात आमच्याकडे आले आणि चौथ्याच आठवड्यात बॅग भरायला लागले. मला त्यांना आणखी काही महिने ठेवून घ्यायचं होतं. त्यासाठी ब्रीदवाक्यच काय, कांगारू मराठी बोलतात असंही मी सांगितलं असतं.

शनिवारी पहाटेच निघालो. मी, बाबा आणि माझी नववीतली लेक इरा. ती शाळेत लॅटिन शिकते आणि घरी कुणाचंच ऐकत नाही. टोल लागतो तो सिडनीतच, पुढे ह्यूम मोटरवे सरळसोट. थांबे धरून चार तास ठेवा. वाटेत गोलबर्नला काँक्रीटचा अजस्र मेंढा आहे, तो चुकवू नका. बाबांनी तर त्याला प्रदक्षिणाच घातली! घरची थालीपीठं होतीच, वर गरम चिप्स घेतल्या. त्यावर 'चिकन सॉल्ट' घातलंय म्हटल्यावर बाबांचा हात जागीच थांबला. इरा दुकानात विचारून आली. "देअर्ज नो चिकन इन इट, आजोबा. प्रॉमिस." मग बाबांनी अख्खा पुडा संपवला.

पार्लमेंट हाऊस फुकट बघता येतं. तिथल्या पिकल्या केसांच्या गाइडबाईंना मी मोठ्या ऐटीत ब्रीदवाक्य कुठे कोरलंय ते विचारलं.

"सॉरी डार्ल, वी हॅव्हन्ट गॉट वन."

नाहीच! १९०८च्या राजचिन्हावर 'अ‍ॅडव्हान्स ऑस्ट्रेलिया' होतं, तेही इंग्रजीत. चार वर्षांनी नवं चिन्ह आलं, त्यावर नुसतं 'ऑस्ट्रेलिया'. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की गृहपाठ न केलेल्या मुलीसारखी मी खाली बघायला लागले.

"सिडनीहून आलात?" बाईंनी विचारलं. "तुमच्या राज्याला आहे की! लॅटिनमध्येच. सरकारी इमारतींवर बघा."

काखेत कळसा नि गावाला वळसा, तोही तीनशे किलोमीटरचा! मला जे हसू फुटलं ते आवरेना, इराही खिदळायला लागली. बाबा शांतपणे म्हणाले, "चल, गाडी काढ."

संध्याकाळी थेट घराजवळचं पॅरामॅटा गाठलं. ज्या इमारतीवरून मी रोज ऑफिसला जाते, तिच्याच दारावर सिंह, कांगारू, वर उगवता सूर्य आणि खाली पाच शब्द: ऑर्टा रिसेन्स क्वाम प्युरा नायटेस. १९०६ सालापासूनचं ब्रीद. मी इतकी वर्षं मान वर करून पाहिलंच नव्हतं.

"नुकतीच उगवलीस, किती लखलखतेस," इराने अडखळत मराठीत सांगितलं. मराठीत!

"एकेक शब्द सांग," बाबा म्हणाले. तिसऱ्या शब्दाला ती अडली आणि तिने फोन काढला. "फोन ठेव. आठव." मला वाटलं, आता भडकणार. पण पोरगी पायरीवर बसली, आजोबा शेजारी बसले आणि दोघांची जी जुंपली, ती पाऊण तास. महिनाभर त्यांचं बोलणं 'हाय आजोबा'च्या पुढे गेलं नव्हतं. मी पार्किंगची वेळ बघत उभी होते आणि आनंदाने मला नाचावंसं वाटत होतं.

कॅनबेराहून आम्ही एक फ्रिज मॅग्नेट तेवढा आणला. ही सहल करावी का, असं विचाराल तर जरूर करा, फक्त आधी आपल्याच गल्लीतल्या पाट्या वाचून घ्या.

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "तिकीट पुढे ढकलता येतं का गं?"

मी उडालेच. "आवडला ना देश?"

"देशाचं नंतर बघू. पोरीचं लॅटिन फार कच्चं आहे."

"पण बाबा, तुम्हाला कुठे येतं लॅटिन?"

"नाही येत. म्हणून तर राहतोय. शिकवायला विद्यार्थी मिळाल्याशिवाय विषय पक्का होत नाही."