लाँचीची ओली बाजू

माझ्या थोरल्या भावाला सगळे ‘मिलिमीटर’ म्हणतात. बोटींच्या कारखान्यात चौतीस वर्षं त्याने छोटी मॉडेलं केली. खरी बोट बांधायच्या आधी गिऱ्हाइकाला दाखवायची असतात ना, ती. घरात काकडी चिरली तरी प्रत्येक चकती दुसरीची जुळी बहीण. स्वभाव मात्र नाकावर माशी बसू न देणारा. त्याच्याशी संसार केला म्हणून वहिनीला मी मनातल्या मनात कितीदा हात जोडलेत.

दादा निवृत्त झाला आणि वर्षभरात वहिनीची फुप्फुसं कामातून गेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, “घरात रंग नको, थिनर नको, कसलाही उग्र वास नको. उरलाय तेवढा श्वास सांभाळा.” दादाने सगळ्या बाटल्या खोक्यात भरल्या आणि खुर्चीत बसून राहिला. जेवायला उठायचा, परत बसायचा. शेवटी वहिनीच म्हणाली, “जन्मभर लोकांच्या बोटी केल्यात. आता माझी एक करा. बाबांची लाँच.” नदीवर पूल नव्हता तेव्हा तिचे वडील लाँच चालवायचे. एकच फोटो होता, त्यावरून दादाने हातभर लांबीची लाँच घडवली. खिडक्यांच्या चौकटीसुद्धा मोजून चौदा.

अडलं ते रंगापाशी. लॅकर झटपट वाळतो, पण डोळ्यांतून पाणी काढतो, तो बादच. एनॅमल सावकाश पसरतो, ब्रशचा एकही ओरखडा ठेवत नाही आणि काचेसारखा चमकतो. पण वाळायला दोन दिवस घेतो आणि दोन्ही दिवस वास मारतो. राहिला ॲक्रिलिक. तो पाण्यात कालवायचा, ब्रश नळाखाली धुवायचा, वास जवळजवळ नाही. “शाळेतल्या पोरांचा रंग,” दादा नाक मुरडून म्हणायचा. तरी वहिनीसाठी त्याने तोच घेतला आणि निमूटपणे तीन हात दिले.

वहिनी बघून म्हणाली, “छान झालीये हो. फक्त बाबा ती रोज सकाळी धुवायचे, त्यामुळे कडेने ओली चमकायची. ही जरा कोरडी वाटते, एवढंच.”

झालं! दुसऱ्या दिवशी मिलिमीटरने सगळा रंग घासून काढला आणि एनॅमलचे डबे उघडले. मागच्या गॅलरीत काम. दार बंद, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल. दर तासाला खोलीत येऊन छाती भरून हुंगायचा आणि विचारायचा, “वास येतोय का?” वहिनी म्हणायची, “नाही हो.”

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे महिनाभर मी फिरकले नाही. गेले तेव्हा थिनरचा भपकारा जिन्यातच आला. वहिनी खिडकीशी बसली होती, ओठ निळे पडलेले. मला बघून थांबत थांबत म्हणाली, “रागावू नकोस... आता एकच बाजू राहिलीये.”

मी तरातरा गॅलरीत गेले. “दादा, अरे जिन्यापर्यंत वास मारतोय!”

“काहीतरी बोलू नकोस. मी दर तासाला बघतो.”

मी थिनरची बाटली उघडून त्याच्या नाकाखाली धरली. त्याने हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग बाटली हातात घेऊन तिच्यावरची चिठ्ठी वाचली.

चौतीस वर्षांत थिनरने त्याचं नाक खाऊन टाकलं होतं. केसाची जाडी मोजणाऱ्या माणसाला त्याचा पत्ता नव्हता. वहिनीला होता. दूध करपलं तरी याला कळत नाही, हे तिने कधीच ओळखलं होतं. त्याच संध्याकाळी तिला दवाखान्यात नेलं. तिथे मी तिला फाडफाड बोलले, आजारी माणसाला बोलू नये तसं बोलले. ती म्हणाली, “अगं, ते शिट्टी वाजवत होते. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा.” अकराव्या दिवशी ती गेली. मला दोघांचाही राग येतो, अजून येतो.

आता मी दर रविवारी जाते. लाँचीची एक बाजू ओली चमकते. दुसरी दादा त्या पाण्यात कालवायच्या रंगाने रंगवतो, वाळली की घासतो, पुन्हा रंगवतो. बैल गेला नि झोपा केला, असं अगदी ओठावर येतं. मी गिळून टाकते. आतल्या खोलीत वहिनीची खुर्ची रिकामी असते. दादा भरला ब्रश माझ्यापुढे धरतो.

“बघ गं, वास येतोय का?”

“नाही रे.”

“नक्की?”

“नक्की.”

तरी तो उठतो, गॅलरीचं दार लावतो आणि खालच्या फटीत ओला टॉवेल नीट कोंबून बसवतो.