आपोआप भरणारी बंदूक

माझ्या माहेरी, पुण्याला, विळीसुद्धा बोथट असायची, कारण आईला धारेची भीती वाटायची. तिथून लग्न होऊन मी बेंगळुरूला चामराजपेटेत आले. पहिल्याच आठवड्यात माझ्या साड्यांना जागा करून द्यायला म्हणून सासूबाईंनी कपाट उघडलं, तर आत मागच्या बाजूला जुन्या धोतरात गुंडाळलेली एक दुनळी बंदूक उभी. मी शहाण्यासारख्या साड्या लावून घेतल्या. आईला ही गोष्ट कळायला पुढे दोन वर्षं लागली.

बंदूक सासऱ्यांची होती. त्यांना सगळे अण्णा म्हणत, सासूबाईंना अक्का, म्हणून मीही तेच म्हणायला लागले. अण्णांचा जन्म एका सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये, यंत्रांचे सुटे भाग घडवण्यात गेला होता. माणूस इतका पापभीरू की घरात पाल निघाली तर तिला झाडूने हळूच दाराची वाट दाखवायचा. शिकार वगैरे कधी नाही. शहराबाहेर, हेब्बाळच्याही पलीकडे, द्राक्षांच्या मळ्यांमागे एका क्लबाची रेंज होती, तिथे दर रविवारी जाऊन अण्णा यंत्राने हवेत भिरकावलेल्या मातीच्या तबकड्या फोडायचे. एवढंच त्यांचं व्यसन. तीस वर्षं त्यांनी हे केलं होतं आणि डिसेंबरातल्या क्लबाच्या वार्षिक सामन्याला ते कधीही गैरहजर राहिलेले नव्हते.

मग एका पावसाळ्यात मार्केटजवळ त्यांची स्कूटर घसरली आणि उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण त्या डिसेंबरात अण्णा सामन्याला गेले नाहीत. उन्हाळ्यात एकदा हट्टाने गेले, दुनळीचा एक बार काढला आणि तिथेच गवतात मटकन बसले. बंदुकीचा दस्ता खांद्यावर असा काही लाथ मारतो की धडधाकट माणूसही हलतो. त्यानंतर ते दिवसभर बाहेरच्या कट्ट्यावर पेपर घेऊन बसू लागले. कोणी विचारलं की म्हणायचे, झालं की आता, पुष्कळ झालं. पेपरचं पान मात्र तासभर उलटलेलं नसायचं. नवरा तेव्हा अमेरिकेत होता, दोन हजार सालात कॉम्प्युटर कोलमडतील म्हणून जे खूळ निघालं होतं त्याच्या कामावर. त्यामुळे हे सगळं बघायला घरात अक्का आणि मी. मला त्यांच्याकडे बघून रडू यायचं, आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी उगाच भांडी आपटायची.

शेवटी अक्काच म्हणाल्या की हलका धक्का देणारी एखादी बंदूक मिळत नाही का बघा. अण्णांनी वर पाहिलं. मिळते, असं ते म्हणाले, आणि ज्या वेगाने म्हणाले त्यावरून हा विचार त्यांनी महिनोन्‌महिने घोळवलेला होता हे आम्हाला दोघींना कळलं.

गाडी मी चालवायची, कारण अण्णांना आता चालवता येत नव्हती. बंदुकीच्या दुकानात मी त्याआधी कधी पाऊल टाकलं नव्हतं. मला वाटलं होतं काहीतरी भीतिदायक असेल, पण ते भांड्यांच्या दुकानासारखंच निघालं, फक्त गिऱ्हाईक कमी आणि पंखा जुना. मालकाने एक परदेशी, सेकंडहँड ऑटो, म्हणजे आपोआप भरणारी बंदूक, काढून समोर ठेवली. नळीच्या खाली मॅगझिन, त्यात काडतुसं एकामागे एक भरायची. पहिला बार उडाला की त्याच धक्क्याच्या जोरावर रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि नवं आपोआप वर चढतं. धक्क्याचा बराचसा भाग बंदूकच खाऊन टाकते, खांद्याला उरलंसुरलं तेवढंच लागतं. किंमत कमी, कारण सुटे भाग मिळत नाहीत आणि आपल्याकडे लोकांचा भरवसा दोन साध्या नळ्यांवर. अण्णांनी तिचं पोट उघडायला लावलं, चष्मा कपाळावर चढवला आणि आतल्या स्प्रिंगा बघताना लहान मुलासारखे हसले. घासाघीस केलीच नाही. तीस वर्षांची दुनळी त्यांनी तिथेच मोबदल्यात देऊन टाकली. मी म्हटलं, राहू द्या ना ती, घरात जागा आहे. ते म्हणाले, नको, एक धरायची तर दुसरी सोडायची. लायसन्सवर नोंद बदलायला मग पोलीस कमिशनरच्या कचेरीत आमच्या खेपा झाल्या, त्यातही त्यांना मजा वाटली.

पहिल्या रविवारी रेंजवर अण्णांनी पहिला बार काढला. तबकडी फुटली. दुसरी तबकडी उडाली, त्यांनी चाप ओढला आणि काहीच झालं नाही. रिकामं काडतूस अर्धवट येऊन बाहेर पडायच्या फटीतच अडकलं होतं, नवं त्याच्या मागे. काढलं, पुन्हा भरलं, पुन्हा तेच. त्या दिवशी एकदाही दुसरा बार लागोपाठ उडाला नाही. गाडीत मला वाटलं ते खचले असतील, पण ते तर खुशीत होते. यंत्र बिघडलंय म्हणजे त्यांना काम मिळालं होतं.

पुढचे तीन महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर बंदूक असायची आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात ताट मांडीवर घेऊन जेवायचो. आधी संशय जुन्या तेलावर होता. ते घट्ट होऊन आत चिकटलंय म्हणून सगळं धुतलं आणि माझ्या शिवणयंत्राचं तेल घातलं. मग काडतुसांवर. पावसात ती फुगलीत म्हणून डबा बदलला. मग नळीखालच्या स्प्रिंगवर, मग तिच्या पुढच्या कडीवर, मग ती कडी उलटी बसलीय की काय यावर. हाताने ओढून पाहिलं की बंदूक लोण्यासारखी चालायची. दुकानदारानेही पाहिली, त्याच्याकडेही चालली. रविवारी रेंजवर गेलं की अडकायची.

नवरात्रात तर घरात युद्धच पेटलं. आयुधपूजेला बेंगळुरात सगळे आपापली गाडी, यंत्रं, हत्यारं पुजतात. अक्कांनीही आमची गाडी, मिक्सर आणि ही बंदूक ओळीने मांडून त्यांना गंध, कुंकू, अक्षता वाहिल्या. पुढच्या आठवड्यात अण्णांनी बंदूक उघडली तर आत एक पिवळा तांदूळ. अण्णांनी तो चिमट्यात धरून अक्कांना दाखवला, कोर्टात पुरावा दाखवावा तसा. अक्का म्हणाल्या, देवाने दिलेला तांदूळ बंदूक अडवत नाही, आणि दसऱ्याच्या आधीही ती अडकतच होती, तेव्हा काय मिक्सरने अडवली? दोघं दिवसभर बोलले नाहीत. निरोप माझ्यामार्फत जात होते. मला दोघांच्याही पाठीत एकेक धपाटा घालावासा वाटत होता आणि त्याच वेळी दोघांवर माया दाटून येत होती, कारण कट्ट्यावर बसणारा तो मुका माणूस घरातून नाहीसा झाला होता.

पण डिसेंबर जवळ येत होता. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी बंदूक पुन्हा अडकली, तेव्हा अण्णांनी ती रिकामी करून बाकावर ठेवली. मग मला म्हणाले की चालवणाऱ्याला यंत्र दिसत नाही. टूलरूममध्येसुद्धा दोष कळत नसला की ते दुसऱ्याला यंत्रावर उभं करून स्वतः बाजूने बघत असत. तेव्हा आता तू मार, मी बघतो. क्लबात नवख्यांना देखरेखीखाली मारायची मुभा होती. मी नाही म्हणणार होते, पण त्यांचा चेहरा बघून बंदूक हातात घेतली. त्यांनी मला हात न लावता, बोटाने हवेत दाखवत शिकवलं. पाय असा, गाल इथे, दस्ता खांद्यात घट्ट रुतव, पुढे झुक, भिऊ नको. साडीचा पदर मी कमरेला खोचला होता, कानांत कापूस.

मी चाप ओढला. काडतूस बाहेर उडालं. पुन्हा ओढला, पुन्हा उडालं. मग तिसरं. तबकड्या सगळ्या सुखरूप गवतात पडल्या, पण बंदूक एकदाही अडकली नाही. अण्णांनी ती पुन्हा भरली आणि पुन्हा मारायला सांगितलं. पुन्हा तीच गत. मी आनंदाने वळले, मला वाटलं मीच ती दुरुस्त केली. अण्णा बंदुकीकडे बघत नव्हते. ते माझ्या खांद्याकडे बघत होते.

परतताना हेब्बाळचं तळं आलं. अण्णा समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "बंदूक चांगली आहे. पहिल्यापासून चांगलीच होती."

मी विचारलं, मग अडकते का? त्यांनी समजावलं. ही बंदूक मागे खांद्यावर जोर देते आणि त्या जोरावरच पुढचं काडतूस भरते. खांदा भिंतीसारखा राहिला तर तिला जोर मिळतो. खांदाच तिच्याबरोबर मागे पळाला तर ती तरी काय करणार? मी म्हटलं, तुमचं हाड मोडलंय अण्णा, तो पळणारच.

"हाड जुळलंय," ते म्हणाले. "डॉक्टरांनी फोटो दाखवलाय. बार उडायच्या आधीच मी मागे सरतो. मी घाबरतो."

असं वाक्य मी त्या घरात कोणाच्याही तोंडून ऐकलं नव्हतं. मी गियर बदलला.

घरी येऊन त्यांनी बंदूक पुसली, धोतरात गुंडाळली आणि कपाटात ठेवली. तीन महिन्यांनी टेबल रिकामं झालं. दुकानात परत करून टाकू म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा कट्ट्यावर पेपर घेऊन बसले. मी ते दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी माझा पारा चढला आणि मी बाहेर जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, तीन महिने एका स्प्रिंगवर तुम्ही हार मानली नाहीत, कानशीने घासलंत, पॉलिश केलंत, तांदळावरून अक्कांशी भांडलात, आणि दोष स्वतःत सापडला तर लगेच परत करायचं? टूलरूममध्ये एखादा भाग हलत असेल तर तुम्ही काय करता?

ते म्हणाले, "टेकू देतो."

मग देऊ की, असं मी म्हटलं आणि बोलून झाल्यावर मलाच कसंतरी झालं. त्या घरात सुनेने सासऱ्याला स्पर्श करायचा तो सणावारी, पायांना. पाण्याचा पेलासुद्धा मी टेबलावर ठेवत असे, हातात देत नसे. आतून अक्का सगळं ऐकत होत्या. त्या दारात आल्या, आम्हा दोघांकडे एकेकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "सरी, ठरलं. मीपण येते बघायला." इतक्या वर्षांत त्या रेंजवर कधी गेल्या नव्हत्या.

सामन्याच्या दिवशी अण्णांनी आधीच सांगून टाकलं की माझे गुण धरू नका, मला फक्त उभं राहायचंय. क्लबातले लोक भले होते, कोणी काही विचारलं नाही. त्यांचा नंबर आला. मी मागे जाऊन उभी राहिले आणि उजवा तळवा त्यांच्या खांद्याच्या मागे टेकवला. शर्टाच्या आत खांदा माझ्या कल्पनेपेक्षा फार बारीक होता. इतका मोठा माणूस आणि केवढंसं हे हाड, असं मला वाटलं. माझा हात अवघडल्यासारखा नुसता टेकलाय हे त्यांना कळलं असावं.

"मला दुखेल म्हणून ढिला सोडू नकोस," ते पुढे बघतच म्हणाले. "घट्ट धर."

मी पाय रोवले आणि जोर लावला. पहिली तबकडी उडाली. चाप ओढायच्या आधी त्यांचा खांदा खरंच माझ्या हातात मागे आला, दचकल्यासारखा. मी तो येऊ दिला नाही. बार उडाला, रिकामं काडतूस माझ्या कानाजवळून उजवीकडे गेलं आणि आत नवं चढल्याचा खटका ऐकू आला. असा खटका रेंजवर अण्णांच्या हातून आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. दुसऱ्या तबकडीला त्यांनी लगेच गाठलं. ती आकाशात धूळ होऊन पसरली आणि मागे बाकावर अक्कांनी टाळी वाजवली, एकट्यांनीच.

ते मारत गेले. भरायचे आणि मारायचे. काही तबकड्या फुटल्या, पुष्कळ सुटल्या, बंदूक एकदाही अडकली नाही. प्रत्येक बाराआधी तो खांदा माझ्या हातात मागे यायचा. भीती शेवटपर्यंत गेली नाही. पण ती आली की आता तिला टेकायला जागा होती. माझा हात मनगटापासून भरून आला होता आणि मला तो काढायचा नव्हता.

शेवटचं काडतूस उडालं, बंदूक उघडी राहिली. अण्णांनी नळी खाली केली, पण ते जागचे हलले नाहीत. पुढचा नेमबाज वाट बघत होता.

"अण्णा, काडतुसं संपली," मी हळूच म्हटलं.

"माहीत आहे," ते म्हणाले. "स्वल्प थांब. हात राहू दे."